टॅपेट कव्हरमधून पुन्हा पुन्हा ऑइल पाझरतंय? नवं पॅकिंग आणण्याआधी हे बघा

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या हेडवर, सिलेंडरांच्या वरच्या भागावर, बसणारं झाकण. माझ्या पिकअपचं त्याच्या कडेचं पॅकिंग दीड वर्षात तीनदा बदललं. दोनदा गॅरेजमध्ये, तिसऱ्यांदा मी स्वतः, नागपूरजवळच्या वाडीला घरासमोर कडुनिंबाखाली गाडी लावून. तिसरं पॅकिंग वीस दिवस टिकलं. "भाऊ, पॅकिंगच डुप्लिकेट येऊन राहिले आजकाल," असं गॅरेजवाल्यानं दोन्ही वेळा सांगितलं होतं, म्हणून मी कंपनीचं आणलं. तेही भिजलं. चौथ्यांदा कव्हर न उघडता आधी आजूबाजूला हात घातला, तेव्हा एअर फिल्टरच्या डब्यामागं दुमडून बसलेली एक रबरी नळी सापडली. पॅकिंगपेक्षा स्वस्त. त्यानंतर माझ्या दुसऱ्या गाडीवर आणि गल्लीतल्या चौघा-पाच जणांच्या गाड्यांवर हेच काम केलं, आणि पॅकिंग स्वतःहून खराब झालेलं फार थोड्या वेळा दिसलं. बहुतेक वेळा त्याला कोणीतरी मारलेलं असतं.

माझ्या दोन्ही गाड्या चार सिलेंडरच्या डिझेल पिकअप आहेत. हंगामात काटोलकडून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री, एरवी मिळेल तो माल. तुमचं इंजिन वेगळं असेल तर बोल्टांची संख्या, नळ्यांच्या जागा बदलतील; तपासायचा क्रम बदलणार नाही.

आधी एवढं बघा, मग पुढचं वाचा

ऑइल कव्हरवरून ओघळून सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर थेंब-थेंब पडत असेल, तर गाडी आहे तिथंच थांबवा. इंजिन ऑइलची वाफ साधारण २०० अंशांच्या पुढे पेट घेण्याजोगी होते, आणि भरलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर तापतो. रोज थोडा धूर येतो, काही होत नाही, असं म्हणत गाडी चालवणारे मी पाहिलेत. त्यांच्या बोनेटमध्ये वायरिंगही त्याच बाजूनं गेलेलं असतं. अशी गाडी टोचन करून न्या. कव्हरच्या कडेला नुसती ओल असेल, थेंब नसेल, तर तपासायला सवड आहे.

लक्षणं

सगळ्यात आधी वास येतो, आणि तो गाडी उभी असताना येतो. चालत्या गाडीत वारा तो मागं घेऊन जातो. कळमन्याच्या गेटाबाहेर अर्धा तास रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास भरतो. मला सुरुवातीला वाटायचं पुढच्याच्या गाडीचा असेल.

मग बोनेट उघडल्यावर कव्हरच्या कडेनं काळा, ओला, चिकट पट्टा दिसतो. आपल्याकडच्या धुळीचा हा एक फायदाच आहे. ऑइल जिथं पाझरतं तिथं धूळ चिकटते आणि नकाशा काढून ठेवते. कधी थांबल्यावर बोनेटच्या फटीतून निळसर धूर निघतो. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर पातळी खाली गेलेली असते, पण जमिनीवर डाग नसतो, कारण थेंब खाली पोचण्याआधीच जळतो किंवा धुळीत मुरतो. पेट्रोल गाडीत प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचून इंजिन मिसिंग मारायला लागतं.

फसवणारं लक्षण एकच आहे, पण महाग पडतं. कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून गळलेलं ऑइल इंजिनच्या पाठीवरून उतरतं आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकतं. खालून बघणारा म्हणतो, मागचं क्रँक सील गेलं. आमच्या गल्लीतल्या एकाला गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. गाडी गॅरेजात जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "काका, एक दिवस थांबा, पावडर मारून पाहू." ऑइल वरूनच येत होतं.

तपासणी १: ऑइलची पट्टी आणि ऑइलचं झाकण (खर्च शून्य)

सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं ऑइल काढा. जास्त ऑइल असलं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि ती फवारणी ब्रीदरच्या (इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेनं वर येते. सर्व्हिसिंगनंतर आठवड्याभरात गळायला लागलेल्या गाडीत मी पहिल्यांदा हेच बघतो.

नंतर ऑइल भरायचं झाकण. त्याच्या आतली रबरी रिंग कडक, चपटी झाली असेल तर ऑइल तिथून निघून कव्हरवर पसरतं आणि कडेपर्यंत जाऊन पॅकिंगवर आळ येतो. रिंगेत नख रुतलं पाहिजे. रुतत नसेल तर ती बदला. काही गाड्यांना रिंग सुटी मिळत नाही, अख्खं झाकण घ्यावं लागतं. तरी चहा-पोह्याच्या खर्चात भागतं.

तपासणी २: हे ऑइलच आहे का?

डिझेल गाडीत हा प्रश्न विचारायलाच हवा. ओल्या जागी वर्तमानपत्राचा तुकडा टेकवा. ऑइलचा डाग काळपट आणि जागच्या जागी राहतो; डिझेल झपाट्यानं पसरतं आणि वासावरून लगेच ओळखू येतं. इंजेक्टरची रिटर्न नळी पाझरली तर डिझेल थेट टॅपेट कव्हरवरच पडतं, आणि तिथल्या जुन्या धुळीत मिसळून ऑइलसारखंच दिसतं.

डिझेल निघालं तर पुढचं काही करू नका. इंजिन चालू असताना त्या नळ्यांवरून हात फिरवून गळती शोधायची नाही. कॉमन रेल (एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या) इंजिनात नळ्यांमधला दाब हजार बारच्याही वर जातो. केसाएवढ्या चिरेतून निघालेली धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ऑपरेशनपर्यंत जाते. हे काम इंजेक्टर-पंपवाल्याचं.

तपासणी ३: धुवा, पावडर मारा, चालवा

या तपासणीला अर्धा दिवस लागतो आणि ती पैसे वाचवते सगळ्यात जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थंड इंजिन घ्या. अल्टरनेटर आणि वायरींच्या जोडांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, कव्हर आणि त्याच्या खालचा भाग ब्रशनं आणि डीग्रीझरनं साफ करा, मग हलक्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची बंदूक इंजिनमध्ये मारू देऊ नका. तेलाची तक्रार घेऊन गेलेल्या गाड्या सेन्सरची तक्रार घेऊन परत आलेल्या आहेत. पूर्ण वाळू द्या. मग अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर कव्हरच्या चारही कडांना, झाकणाभोवती, व्हॅक्यूम पंपाच्या जोडाशी, टर्बोच्या ऑइल नळीशी भुरभुरा. पंख्याच्या बेल्टवर नको.

आता गाडी वीस-तीस किलोमीटर चालवा. शक्यतो भरलेली. मी कळमेश्वरपर्यंत जाऊन येतो. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. नवं ऑइल पांढऱ्या पावडरवर गडद रेघ काढतं. ऑइल वरून खाली आणि पंख्याच्या वाऱ्यानं पुढून मागं जातं, म्हणून रेघ जिथं सर्वांत वर आणि सर्वांत पुढं सुरू होते तीच गळतीची जागा. सर्वांत ओली जागा ती नव्हे. ही एक गोष्ट मला समजली नव्हती, म्हणून माझं पहिलं पॅकिंग फुकट गेलं.

२०२४ च्या मे अखेरीस आपल्या नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं, देशभर बातमी झाली, आणि मग कळलं की सेन्सरच बिघडला होता. काळा डाग म्हणजे तो ५६ चा आकडा समजा. आधी दुसऱ्या काट्यानं ताडून पाहायचं.

उन्हावरून आठवलं. "नागपूरच्या गर्मीत रबर टिकतच नाही, भाऊ," हे मी दुकानात पाच वेळा तरी ऐकलंय. इंजिनच्या आतलं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर ४५ असो की डिसेंबरमधले १२, पाणी ऐंशी-नव्वदच्या आसपासच राहतं. जे वाढतं ते बोनेटखालचं कोंडलेलं तापमान, तेही गरम गाडी उन्हात बंद करून ठेवली की. त्यानं रबर लवकर कडक होतं हे खरं. पण वीस दिवसांत नाही होत.

तपासणी ४: ब्रीदर

माझ्या गाडीचं दुखणं इथं होतं.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस कायमच चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागात) उतरतो, नव्या इंजिनातही. तो बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर: टॅपेट कव्हरवरून निघणारी नळी, जी बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरच्या नंतरच्या पाइपात जाते. ही नळी तुंबली की आत दाब साठतो, आणि दाब सगळ्यात कमजोर सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. नवं पॅकिंग घातलं की काही दिवस ते धरतं, मग तेही सुटतं. कुकरची शिटी जाम असताना आपण रिंगच बदलत बसतो, त्यातला प्रकार.

नळी काढा. पिळून पाहा, आत काळ्या पिठल्यासारखा गाळ असेल तर डिझेलनं धुऊन वाळवा. कडक, चिरलेली किंवा आतून पापुद्रे सुटलेली असेल तर नवी घ्या. कुठं दुमडली आहे का बघा. माझी एअर फिल्टर बदलताना कोणीतरी डब्याखाली दाबून ठेवली होती. कव्हरवर जिथं ती लागते त्या तोंडात फुंकर घालून पाहा, कारण गाळणीची जाळी कव्हराच्या आतही असते. काही इंजिनांना गोल डबीसारखा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला तर तोही असाच त्रास देतो.

मग चालू इंजिनवरची चाचणी. इंजिन गरम, आयडलवर. बाह्या वर, गळ्यात गमछा नको. ऑइलचं झाकण सोडवून नुसतं उलटं ठेवा. थरथरलं तर ठीक. उड्या मारत असेल, भकाभका धूर येत असेल, तर दोनच शक्यता: ब्रीदर बंद, किंवा रिंगा झिजल्या. ब्रीदर साफ करून हीच चाचणी पुन्हा करा. तरीही भकाभका येत असेल तर हे बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे झिजलेल्या रिंगांमधून जास्तीचा गॅस खाली येतोय. पॅकिंगचे पैसे वाचवा आणि मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. रिंगा गेलेल्या इंजिनवर कोणतंही पॅकिंग टिकणार नाही, आणि दुकानदार ते विकायला नाही म्हणणार नाही.

झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट फेस दिसला तर लगेच घाबरू नका. थंडीत गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत वाफेचं पाणी ऑइलशी मिसळून तसा होतो. लांबच्या एका फेरीत जातो. पण सोबत रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, किंवा पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल, तर प्रकरण हेडचं आहे. गाडी चालू करू नका.

तपासणी ५: बोल्ट

थंड इंजिन, लहान पाना. सैल बोल्ट सापडला तर हलकेच बसवा. बस्स. आवळून गळती थांबवायचा मोह प्रत्येकाला होतो आणि निम्मी कव्हरं त्यातच वाकतात. माझ्या कव्हरालाही बोल्टच्या भोकांशी खळगे पडले होते. प्रत्येक वेळी गळलं की कोणीतरी अजून एक पीळ दिलेला. खळगा पडला की दोन बोल्टांच्या मधला भाग उचलला जातो आणि तिथूनच ऑइल निघतं. बोल्टखालचे रबरी वॉशर चेपले असतील तर तेही आत्ताच बघून ठेवा. पॅकिंगबरोबर नवे घ्यायचे.

तपासणी ६: आता कव्हर उघडा

रेघ खरोखर कव्हरच्या कडेपासूनच सुरू होतेय, ब्रीदर साफ आहे, तरच इथं या. आणि एक अट: तुमच्या इंजिनात इंजेक्टर किंवा हाय प्रेशर नळ्या कव्हरमधून जात असतील तर इथं येऊच नका. त्या काढल्याशिवाय कव्हर निघत नाही, आणि त्या काढून पुन्हा बसवणं घरासमोरचं काम नाही.

रात्रभर थंड झालेलं इंजिन, सकाळची वेळ. मे महिन्यात सातच्या आत सुरू करा, नाहीतर पाना हातात धरवत नाही. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. नळ्या-वायरींचे मोबाइलवर फोटो घ्या. कव्हर उघडायच्या आधी आजूबाजूची माती साफ करा, कारण उघडल्यावर ती कॅमशाफ्टवर पडते. बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे-थोडे करून सोडा आणि मोजून ताटलीत ठेवा. कव्हर चिकटलं असेल तर लाकडाच्या ठोकळ्यानं बाजूनं टकटक करा. पेचकस घुसवून उचकटाल तर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडेल आणि पुढची गळती तिथूनच येईल.

चेनच्या खड्ड्यावर स्वच्छ सुती कापड टाका. नाहीतर बोल्टचा एखादा वॉशर आत पडतो आणि मग चेंबर उतरवावा लागतो. कापड एकच, मोठं, आणि शेवटी काढायचं लक्षात राहील अशा भडक रंगाचं.

साफसफाईला जुनं एटीएम कार्ड सगळ्यात चांगलं. हेडवर पॉलिश पेपर नको, वायरचा ब्रश नको. त्याचे कण ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जातात. जुन्या सीलंटचा पापुद्रा नखाला लागता कामा नये. कव्हरच्या खाचेतही बघा. माझ्या खाचेत आधीच्या दोन कारागिरांचं सिलिकॉन थरावर थर बसलेलं होतं, नवं पॅकिंग त्यात पूर्ण उतरतच नव्हतं.

कव्हर जाड काचेवर पालथं ठेवा आणि वर्तमानपत्राची पट्टी कडेनं घालून बघा. जिथं पट्टी सहज आत-बाहेर होते तिथं कव्हर वाकलंय. पत्र्याचं असेल तर भोकाजवळचा खळगा आतून लाकूड लावून हलक्या हातोडीनं काढता येतो. ॲल्युमिनियमचं वाकलं तर मशीन शॉप. प्लॅस्टिकचं वाकलं किंवा चिरलं तर नवंच. एम-सील लावून मी एकदा बघितलं आहे, मला विचारू नका.

रबरी पॅकिंग कोरडं बसवायचं. ऑइल नाही, ग्रीस नाही, चारी बाजूंनी सिलिकॉन तर अजिबात नाही. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत: जिथं टायमिंग कव्हर हेडला मिळतं, आणि जिथं कॅमशाफ्टच्या टोकाशी कड अर्धगोल होते. तिथं तुरीच्या दाण्याएवढं पुरे. जास्त लावलेलं सिलिकॉन आत पिळून निघतं, तुटून चेंबरमध्ये जातं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं. बाहेरची गळती थांबते आणि इंजिन आतून तहानेनं मरतं.

बोल्ट सगळे हातानं लावून घ्या, मग मधून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन फेऱ्यांत. अशा लहान बोल्टांना सहसा ८ ते १२ न्यूटन मीटरच लागतात. तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. अंदाजासाठी सांगतो: मीटरभर लांब पान्याच्या टोकाला एक किलोचं वजन टांगलं तर जेवढं, तेवढं. म्हणजे काहीच नाही. टॉर्क पाना भाड्यानं किंवा उसना मिळत असेल तर आणाच. नसेल तर रॅचेट डोक्याजवळ धरा, दांड्याच्या टोकाला नाही. सिलिकॉन वाळायला पाकिटावर दिलेला वेळ द्या, बहुतेकांना पूर्ण पकडायला २४ तास लागतात. संध्याकाळच्या फेरीसाठी दुपारीच गाडी सुरू करणारे परत येतात.

इथं हात काढून घ्या

बोल्ट फिरतच राहतोय, पकडत नाही: हेडमधले आटे गेले. तिथं नवे आटे किंवा हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी) टाकावी लागते आणि ड्रिलचा बुरा आत पडू न देता टाकावी लागते. मेकॅनिकला बोलवा. मोठा बोल्ट ठोकून बसवणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कव्हर उघडल्यावर आत काळ्या डांबरासारखा थर दिसला, ऑइलचा दिवा एकदा जरी पेटला असेल, किंवा पावडरची रेघ हेड आणि ब्लॉकच्या मधून येत असेल, तरीही हेच. गाडी वॉरंटीत असेल तर तपासणी ३ च्या पुढे जाऊ नका. फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा.

काम झाल्यावर दहा मिनिटं इंजिन चालवून टॉर्चनं कड बघा, पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा बघा. बोल्ट परत आवळू नका. मी रात्री गाडीखाली संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा टाकून ठेवतो, त्यावर तारीख लिहून. पहिल्या गाडीचे चौदा महिन्यांचे पुठ्ठे कोरडे आहेत. दुसरीच्या परवाच्या पुठ्ठ्यावर एक थेंब आलाय, पण तो मागच्या चाकाजवळ आहे, गिअर ऑइलच्या वासाचा. ते वेगळं दुखणं.